मदत हवी आहे: नवीन बायकांना जोडीदारीण लावायची, पण तिची मजुरी बुडते त्याचं काय?

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीत एका मासळी प्रोसेसिंग युनिटला सुपरवायझर आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा आमच्याकडे पण काम थंडच, मग नारळी पौर्णिमेनंतर माल यायला लागला की एकदम पंधरा-वीस नवीन बायका भरती होतात. गेल्या वर्षी प्रत्येकीला एक जुनी जोडीदारीण लावून दिली, कोळंबी सोलायची कशी, क्लोरिनच्या पाण्यात हात कधी बुडवायचे, बर्फ कमी पडला तर कोणाला हाक मारायची, हे सगळं तिनेच दाखवायचं. आठ दिवसांत बोंब! सोलाईची मजुरी किलोवर, शिकवत बसलं की जुनीचं वजन कमी भरतं, एक काकी तर तोंडावर म्हणाली, माझा रोज कोण भरून देणार? (बरोबरच आहे तिचं.)

आता मालक म्हणतात जोडीदारणीला ठरलेला रोज देऊ, पण किती दिवस ते तू सांग. तुमच्याकडे किती दिवस देतात? आणि एकाच वाडीतल्या दोघी जोडीला लावू का? येणं-जाणं सोबत होतं, नवीन पोरगी घाबरत नाही, पण गप्पाच फार होतात ओ.