फिजिक्स आणि तत्त्वज्ञान एकत्र: अशोकाबद्दल मदत हवी आहे

भाची बारावी सायन्सला आहे, साताऱ्यात. तिला फिजिक्स आणि तत्त्वज्ञान दोन्ही शिकायचंय, म्हणून सोनिपतच्या अशोका विद्यापीठाचं डोक्यात घेतलंय. तिथे मुख्य विषय प्रवेशावेळीच ठरवावा लागत नाही, हे तिला भारी आवडलंय. (दाजींना नेमकं तेच खटकतंय!)

कुणाची मुलं तिथे फिजिक्सला आहेत का? प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम किती मिळतं? चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार थेट पीएचडीला अर्ज करता येतो. पण तसा प्रवेश खरंच कुणाला मिळालाय का, की आधी एमएस्सी केलेलीच बरी? फीमध्ये सवलत मिळाली असेल तर कागदपत्रं कोणती लागली, तेही सांगा.