मदत हवी आहे: गॅस क्रोमॅटोग्राफीत एकाच पीकमध्ये येणारे दोन पदार्थ वेगळे कसे ओळखावेत?

नमस्कार.

गॅस क्रोमॅटोग्राफीत घटक सुटे कसे होतात, इथपर्यंतचा भाग मला समजला आहे. मायक्रोलिटरभर नमुना तापलेल्या इंजेक्टरमध्ये सोडला की त्याची वाफ होते, हेलियम किंवा हायड्रोजनसारखा वाहक वायू ती वाफ 30 मीटर लांबीच्या केशिका कॉलममधून पुढे नेतो, आणि कॉलमच्या आतल्या भिंतीवरील पातळ थरात जो पदार्थ अधिक रेंगाळतो तो उशिरा डिटेक्टरपर्यंत पोहोचतो. अडचण त्यापुढची आहे. टोल्युइन आणि तिन्ही झायलीन (ऑर्थो, मेटा व पॅरा हे समघटक, म्हणजे एकाच रेणुसूत्राचे पण वेगळ्या रचनेचे पदार्थ) यांचे मिश्रण अध्रुवीय कॉलमवर सोडले असता, द्रावकाचे पीक (डिटेक्टरच्या आलेखावरील शिखर) वगळून चारऐवजी तीनच पीक मिळतात. मेटा आणि पॅरा झायलीनची स्टँडर्ड (ओळख माहीत असलेले शुद्ध नमुने) स्वतंत्रपणे सोडली, तर दोन्हींचा रिटेन्शन टाइम, म्हणजे डिटेक्टरपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ, एकच येतो. मग अनोळखी नमुन्यात त्याच वेळी आलेले पीक नेमके कशाचे मानावे? ओव्हनचे तापमान अधिक सावकाश वाढवून काही साधेल का, की मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू व त्याच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजणारे उपकरण) जोडणे हाच उपाय आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

अध्रुवीय थरावर जवळच्या रचनेचे पदार्थ बहुतांशी उत्कलनबिंदूच्या क्रमाने बाहेर पडतात. पॅरा झायलीन सुमारे 138 आणि मेटा सुमारे 139 अंश सेल्सिअसला उकळते, तर ऑर्थो 144 अंशांना. त्यामुळे ऑर्थो सुटे होते आणि उरलेली जोडी एकत्रच येते. तापमान सावकाश वाढवल्याने विश्लेषणाचा वेळ तेवढा वाढेल.

मास स्पेक्ट्रोमीटरकडूनही येथे फार अपेक्षा ठेवू नये. तिन्ही झायलीनचे रेणुवस्तुमान 106 आहे, इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने त्यांचे तुकडेही जवळपास सारखेच पडतात आणि तिन्हींत 91 वस्तुमानाच्या तुकड्याचे शिखर सर्वांत उंच असते. स्पेक्ट्रम जुळवणारे सॉफ्टवेअर एक नाव ठामपणे पुढे करते खरे, पण अशा समघटकांच्या बाबतीत त्या नावाला फारसा अर्थ नसतो.

खरा उपाय कॉलम बदलणे हा आहे. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा ध्रुवीय थर असलेल्या कॉलमवर पॅरा आधी आणि मेटा लगेच नंतर, असे दोन पीक मिळतात. एरवीही रिटेन्शन टाइम जुळला नाही तर पदार्थ तो नाही, असे म्हणता येते. जुळला तर तो असू शकेल, एवढेच. भिन्न ध्रुवतेच्या दोन कॉलमांवर जुळला, तर मात्र दावा बराच भक्कम होतो. शिवाय वायूचा प्रवाह बदलला किंवा कॉलमचे टोक कापले की ही वेळ सरकते, म्हणून नोंद कोवॅट्स निर्देशांकात ठेवावी. त्यात हेप्टेनला 700 आणि ऑक्टेनला 800 धरून बाकीच्यांचे स्थान ठरवतात.

ध्रुवीय कॉलमवरही शंका उरली, तर नमुन्यात थोडे शुद्ध पॅरा झायलीन मिसळून तो पुन्हा सोडावा. संशयित पीक तेवढेच उंचावले तर ठीक. त्याला बाजूने खांदा फुटला, तर तो पदार्थ दुसराच आहे.