लेदर बॉलवर टिकणारी बॅट कशी ओळखायची? (इंदूर) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुलगा सोळा वर्षांचा आहे, इथे इंदूरलाच क्लबकडून खेळतो. गेल्या हिवाळ्यात त्याला नावाजलेल्या कंपनीची इंग्लिश विलोच्या लाकडाची बॅट घेतली, अठरा हजारांची. उन्हाळी शिबिर संपायच्या आतच ती कामातून गेली. आता नवी घ्यायची आहे, आणि पुन्हा एवढे पैसे पाण्यात जायला नकोत.

आधी टोच्या (बॅटच्या खालच्या टोकाच्या) जरा वर, बाहेरच्या कडेला केसासारखी बारीक रेघ दिसली. दुकानदार म्हणाला, "वरवरची आहे, खेळू द्या." मग तिथली नखाएवढी खपली उडाली, रेघ चार बोटं वर चढली आणि अगदी मधोमध बसलेल्या चेंडूचाही बद्द आवाज यायला लागला. बॅट तयार करण्यात काहीच कसूर ठेवली नव्हती. कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला, रोज संध्याकाळी मॅलेटने (लाकडी हातोडीने) ठोकली, कडा तिरक्या ठोकून गोल केल्या, आधी जुन्या चेंडूवर खेळवली. कंपनीने "यॉर्कर (पायाशी टप्पा पडणारा चेंडू) लागला असेल" म्हणून हात वर केले. बॅट यॉर्कर अडवायलाच असते ना!

चौकशी केल्यावर माझं मत असं झालंय की दोष एका बॅटचा नाही, मागणीचाच आहे. सगळ्यांना कड जाड हवी आणि बॅट मात्र हलकी. २०१७पासून नियमानुसार कड ४० मिमी आणि जाडी ६७ मिमीच्या पुढे चालत नाही, पण बऱ्याच बॅटी त्या हद्दीला टेकूनच बनवतात. एवढं लाकूड ठेवून वजन साडेअकराशे ग्रॅमच्या आसपास आणायचं, तर फळी हलकी आणि जास्त वाळवलेली घ्यावी लागते. त्यात लाकूड घट्ट करणाऱ्या प्रेसमध्ये कमी दाबली की पहिल्या दिवसापासून चेंडू उडतो, आणि दुकानात चार टोले मारून बघणाऱ्याला तीच आवडते. जुन्या बॅटी कडेला बारीक आणि चांगल्या दाबलेल्या असायच्या. त्या खुलायला (ठोकून-खेळून चेंडू नीट उडवू लागायला) वेळ घ्यायच्या, पण खुलल्या की वर्षानुवर्षं साथ द्यायच्या.

त्यात आपली माळव्याची हवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, लू चालते आणि लाकडातला उरलासुरला ओलावाही जातो. पाऊस लागला की तोच टो ओल्या मैदानावर पाणी पिऊन फुगतो.

ग्रेडवर माझा विश्वास उरलेला नाही. तो प्रत्येक कंपनीचा आपापला शिक्का आहे, आणि बराचसा दिसण्यावर दिला जातो. दाट ग्रेनची (लाकडावरच्या उभ्या रेषा जवळजवळ असलेली) बॅट लवकर खुलते पण लवकर संपते, रुंद ग्रेनची उशिरा खुलते आणि जास्त चालते, असं जुने खेळाडू सांगतात. मला वाटतं, या वयाच्या मुलाला सहा-सात ग्रेनची, थोडी जड, पस्तीस मिमीच्या आतल्या कडेची बॅट पुरे. चिरंजीवांना ते पटत नाही, त्यांना टीव्हीवर दिसते तशी हवी.

तर जाणकारांनी सांगावं: बॅट नीट दाबलेली आहे हे दुकानात हातात घेऊन कसं ओळखता? मेरठ किंवा जालंधरच्या कारागिराला "जास्त प्रेस करा, कड कमी ठेवा" असं सांगून कोणी बॅट करून घेतली आहे का, आणि तो ऐकतो का? नेट्ससाठी वेगळी काश्मीर विलो ठेवावी म्हणतो, पण ती जड असते. तिच्यामुळे बॅकलिफ्ट (फटक्याआधी बॅट मागे उचलणं) बिघडते का? आणि लूच्या दिवसांत तुम्ही बॅट कुठे, कशात ठेवता?

जुनी बॅटही टाकवत नाही. होळकर संघाने चार वेळा रणजी जिंकलेल्या या शहरात क्लॅम्प लावून चीर भरणारा, दांडा बदलून देणारा कारागीर अजून नक्की असेल. राजवाड्याकडे किंवा कुठेही, माहीत असल्यास पत्ता द्या.

सामने दिवाळीनंतर सुरू होतात. ठोकून तयार करायला महिनाभर तरी हवा, म्हणून दसऱ्याच्या आत खरेदी करायची आहे. कुठली कंपनी हे नाही सांगितलं तरी चालेल, पण आपल्या बॅटचं वजन, कडेची जाडी, ग्रेन आणि लेदरवर ती किती सीझन चालली एवढं जरूर लिहा.