कन्सोलचा इतिहास खेळून अनुभवायचाय, सुरुवात कुठून करू?

निळाई:
मुलगी बारा वर्षांची आहे. "आधीचे गेम कसे होते?" म्हणून सारखी मागे लागते. फोनवर एम्युलेटर (जुने गेम चालवणारं ॲप) टाकून दाखवले, पण खऱ्या बटणांची मजा त्यात नाही. एक टीव्हीला जोडायचा आणि एक हातातला, असे दोनच जुने कन्सोल घ्यायचेत. अगदी १९७२ च्या मॅग्नाव्हॉक्स ऑडिसीपासून सुरुवात करावी का? जाणकारांनी कृपया सांगावे.

कळसूत्री:
ऑडिसी नको. त्याला आवाजच नव्हता, आणि मैदान दिसावं म्हणून टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लास्टिकची शीट लावावी लागे. मूल लगेच कंटाळेल. अटारी २६०० (१९७७) मध्ये रॅम, म्हणजे गेम चालताना वापरायची मेमरी, अवघी १२८ बाइट. तेवढ्यात लोकांनी जे गेम बसवले ते थक्क करणारे आहेत, पण तो पुढच्या खेपेला घ्या.

हातातला म्हणाल तर डोळे झाकून गेम बॉय ॲडव्हान्स एसपी (२००३). १९८९ च्या पहिल्या गेम बॉयची कार्ट्रिजही (गेम असलेल्या प्लास्टिकच्या डब्या) त्यात चालतात, थोडी बाहेर डोकावतात इतकंच. तो पहिला गेम बॉय माझा फार लाडका. तो घडवणाऱ्या निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी मुद्दाम स्वस्त, मुरलेलं तंत्रज्ञान वापरलं: रंग नाहीत, पडद्याला दिवा नाही, पण चार पेन्सिल सेलवर दिवसभर चाले. सेगाचा गेम गिअर रंगीत नि उजळ होता, पण सहा सेल काही तासांत फस्त करायचा. तरी आजच्या मुलांना त्या हिरवट पडद्यावर उजेड शोधत खेळायला लावू नये, म्हणून एसपीच.

घेताना दिव्याचं बटण दाबून बघा. दिवा पूर्ण विझला तर तो आधीचा पडदा. प्रकाश पुढून पडतो, रंग फिके दिसतात. नुसता कमी-जास्त झाला तर नंतरचं, उजळ पडद्याचं मॉडेल, एजीएस-१०१. तोच शोधा.

रानपाखरू:
+१. टीव्हीसाठी प्लेस्टेशन २. पहिल्या प्लेस्टेशनच्या सीडीही त्यावर चालतात, म्हणजे १९९४ पासूनचा काळ एकाच यंत्रात मिळतो. सीडीत ६५० एमबी मावायचे, त्याच काळच्या स्पर्धक निन्टेन्डो ६४ चं मोठ्यात मोठं कार्ट्रिज ६४ एमबीचं. 'फायनल फँटसी ७' तर तीन सीडींवर आला होता. जुन्या गेमचं सेव्ह मात्र पीएस२ च्या मेमरी कार्डावर होत नाही, पहिल्या प्लेस्टेशनचं कार्ड वेगळं घ्या.

तारजोड:
गेम बॉयच्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये सेव्हसाठी बटण सेल डाग देऊन बसवलेला असतो. तो संपला तरी गेम चालतो, सेव्ह मात्र उडतं. विकत घेण्याआधी सेव्ह करा, बंद करून पुन्हा चालू करा. सेल बदलता येतो, पण जुना काढला की आतलं सेव्ह गेलं.

निळाई:
मनापासून आभार! एसपी आणि पीएस२ पक्कं. नव्या टीव्हीवर पीएस२ चं चित्र कसं दिसेल?

रानपाखरू:
सोबतच्या पिवळ्या पिनच्या वायरने पुसट दिसतं. टीव्हीला लाल-हिरवी-निळी कंपोनंट पिन असेल तर ती केबल घ्या, फरक लगेच कळेल. पिक्चर ट्यूबवाला टीव्ही मिळाला तर सोडू नका. त्या काळचे लाइट गनचे (पडद्यावर नेम धरायच्या खेळण्यातल्या बंदुकीचे) गेम त्याच्यावरच चालतात.