डिझेल इंजिन जमिनीवर, मग थेंब अंतराळात का जाळायचा?

मेक_तिसरं_वर्ष (कोथरूड):
स्पेस स्टेशनवर हेप्टेन या द्रव इंधनाचे थेंब जाळून बघितले, असं सर म्हणाले. आपल्या गाड्या तर जमिनीवर धावतात. मग तिथे थेंब जाळून इंजिनाबद्दल काय कळतं? थेंब जळण्याचा डी-स्क्वेअर लॉ पाठ आहे, पण डोळ्यांसमोर काही येत नाही.

नोझलवाले_काका (भोसरी):
बाळ, मी डिझेल पंप-नोझलचं काम करतो. नोझल म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोटी. टेस्टरचा दांडा दाबला की धुक्यासारखा बारीक फवारा पडायला हवा. नोझल टपकत असेल तर गाडी काळा धूर मारणारच. तुझा नियम हेच सांगतो: थेंबाच्या व्यासाचा वर्ग वेळेबरोबर सरळ रेषेत घटतो. थेंब दुप्पट जाड, तर संपायला चौपट वेळ. इंजिनात एवढी सवड कुठली!

आता अंतराळ. इंजिनातला थेंब मिलिमीटरचा काही शतांश. एवढ्याशा थेंबाभोवती गरम हवा वर चढण्याचा परिणाम नगण्य, पण तो जळताना बघणार कसा? दोन-तीन मिलिमीटरचा घेतला तर दिसतो. पण मग जमिनीवर गरम वायू वर पळतात, ज्योत लांबट होते, मोजमाप बिघडतं. वजनरहित अवस्थेत वायू वर पळत नाहीत, ज्योत गोल राहते, ऑक्सिजन चहूबाजूंनी सारखा झिरपत येतो. मोठा थेंब लहानासारखा वागतो, तोही कॅमेऱ्यापुढे! जपानमध्ये कुमागाई यांनी १९५० च्या दशकातच पडत्या पेटीत (पडताना आतलं सगळं वजनरहित होतं) असा थेंब जाळून बघितला होता. केवढी सुंदर युक्ती!

ज्वलन_अभ्यासक (पाषाण):
काकांनी नेमकं सांगितलं. एक भर: २००९ मध्ये स्टेशनवर नासाचा फ्लेक्स प्रयोग सुरू झाला. त्यात मोठ्या हेप्टेन थेंबांची ज्योत उष्णता बाहेर टाकून विझली, तरी थेंब आकसतच राहिला. तिथे डोळ्यांना न दिसणारी 'कूल फ्लेम' होती, साधारण ५०० ते ८०० केल्विनची. नेहमीची ज्योत १५०० ते २००० ची. डिझेल पेट घेण्याआधी अशाच कमी तापमानाच्या रसायनक्रियांतून जातं, म्हणून इंजिनवाल्यांना ही माहिती मोलाची.

मेक_तिसरं_वर्ष:
काका, टेस्टर बघायला येऊ का?

नोझलवाले_काका:
ये की, शनिवारी. फवाऱ्यापुढे हात मात्र धरू नकोस, त्या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं.