मदत हवी आहे: अडीच वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल आणि झोपेतला श्वास

मुलगा अडीच वर्षांचा, वजन ११ किलो. टॉन्सिल ग्रेड ३ (बरेच मोठे), एक्स-रेमध्ये अ‍ॅडेनॉइडही (नाकामागची ग्रंथी) वाढलेले. सर्दी नसतानाही रोज घोरतो, मान मागे टाकून झोपतो. खरी भीती घोरण्याची नाही, मधल्या शांततेची: छाती-पोट हलत राहतं, हवा मात्र आत जात नाही, मग दचकून श्वास घेतो. डॉक्टरांनी दिलेल्या मोमेटासोन या नाकातल्या स्टेरॉइड स्प्रेचा कोर्स झाला, फरक नाही. आता शस्त्रक्रिया सुचवली आहे. तीन वर्षांखालच्या मुलांना त्यानंतर श्वासाचा त्रास होण्याचा धोका जास्त, म्हणून पहिली रात्र ऑक्सिमीटर लावून दवाखान्यातच ठेवतात.

पुण्यात इतक्या लहान मुलाची स्लीप स्टडी (रात्रभर झोपेतला श्वास तपासणं) कुठे होते? नुसत्या रात्रभराच्या ऑक्सिमेट्रीवर कोणी निर्णय घेतलाय का? ती नॉर्मल आली तरी स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडणं) नाहीच असं म्हणता येत नाही, म्हणून विचारतोय. लहान मुलांचे भूलतज्ज्ञ आणि पीआयसीयू (लहान मुलांचा अतिदक्षता विभाग) एकाच ठिकाणी असलेलं रुग्णालय कृपया सुचवा.