निकॉन डी५३०० नंतर काय? वापरलेला डी५०० की झेड५० टू?

पाणथळ

सध्या डी५३०० आहे. लेन्स चार: किटची १८-५५, ७०-३०० एएफ-एस व्हीआर, ३५ एमएम एफ १.८ जी डीएक्स (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरसाठीची) आणि एक जुनी ५० एमएम एफ १.८ डी. कामं दोन. सकाळी पक्षी, त्यातही उडते जास्त. आणि संध्याकाळी नाटक-नृत्याचे प्रयोग, फ्लॅश न वापरता, रंगमंचावर असेल तेवढ्याच उजेडात.

अडचणी अशा: ३९ फोकस पॉइंट सगळे मध्यभागी गोळा झालेले, त्यामुळे पक्षी कडेला गेला की सुटतो. सेकंदाला ५ फ्रेम कमी पडतात. प्रयोगात ७०-३०० लावली की आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० वर जातो आणि फोटो दाणेदार येतो. शिवाय आरशाचा खटका शांत प्रसंगात चार रांगा पुढे ऐकू जातो. ३५ पूर्ण उघडी ठेवली की फोकस डोळ्याऐवजी बऱ्याचदा कानावर पडतो.

पर्याय दोन मनात आहेत: चांगल्या स्थितीतला वापरलेला डी५०० (आरशाचा डीएसएलआर), किंवा झेड५० टू (आरसा नसलेला, मिररलेस) आणि सोबत जुन्या लेन्स त्यावर बसवणारा एफटीझेड अडॅप्टर. फुल फ्रेम झेड५ घ्या असंही काही जण सुचवतात. आहेत त्या लेन्स कुठे किती चालतील आणि इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमधून उडता पक्षी धरता येतो का, हे कळलं तर ठरवता येईल.

खंड्या

आधी लेन्सचा हिशोब मांडा, बॉडी त्यातूनच ठरेल.

एफटीझेड म्हणजे आतून पोकळ नळी. एफ माउंटला (डी५३००, डी५०० चा लेन्स-सांधा) लेन्सची बैठक सेन्सरपासून ४६.५ मिमी वर असते, झेडला १६ मिमी. मधलं ३०.५ मिमीचं अंतर ही नळी भरून काढते. तिच्यात काच नाही, त्यामुळे चित्राचा दर्जा घसरत नाही. ७०-३०० आणि ३५ जी या दोन्हींत स्वतःची मोटर आहे, त्या ऑटोफोकससकट चालतील. ५० डी मध्ये मोटर नाही, ती बॉडीतल्या स्क्रूने फिरते. डी५३०० मध्ये तो स्क्रूच नाही, म्हणजे आजही ती तुम्ही हातानेच फोकस करत असणार. डी५०० वर ती ऑटोफोकस होईल. एफटीझेडवर अपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं तोंड) बॉडीतूनच बदलता येईल, फोकस मात्र पुन्हा हातानेच. १८-५५ अडॅप्टरवर लावण्यात अर्थ नाही, उगाच लांबी वाढते.

झेड५ चा विचार सोडा. ३५ डीएक्स लावली की २४ मेगापिक्सलचं चित्र कापून साधारण १० चं होतं, आणि डीएक्सवर ४५० सारखी दिसणारी तुमची ३०० तिथे नुसती ३०० राहते. पक्ष्यांसाठी हा तोटाच.

आता उडते पक्षी. डी५०० चे १५३ पॉइंट फ्रेमच्या जवळजवळ पूर्ण रुंदीत पसरलेले आहेत, त्यातले ९९ क्रॉस प्रकारचे, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषा वाचणारे. वेग सेकंदाला १०. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो तो प्रत्यक्ष प्रकाश, त्यामुळे दिसण्यात उशीर शून्य. झेड५० टू मध्ये पक्षी ओळखण्याचा स्वतंत्र मोड आहे. पक्षी मोकळ्या आकाशात असेल तर तो डोळा धरून ठेवतो आणि तुम्हाला फक्त फ्रेम सांभाळायची राहते.

पण मिररलेस कुठे फसतो तेही समजून घ्या. पक्षी झाडीसमोरून जात असेल आणि फोकस आधीच मागे पानांवर असेल, तर पुढचा पक्षी इतका धूसर असतो की कॅमेऱ्याला तो दिसतच नाही. पानं स्पष्ट आहेत, म्हणजे काम झालं, असं समजून तो तिथेच बसतो. शटर अर्धं दाबून सोडत राहिल्याने काही होत नाही. फोकस रिंग हाताने जवळच्या बाजूला फिरवा, पक्ष्याची कड दिसू लागली की मग दाबा. एखाद्या बटणावर सिंगल पॉइंट नेमून ठेवा: नेहमी वाइड एरिया (मोठ्या भागातला फोकस), फांद्यांत शिरला की ते बटण.

दुसरी गोष्ट. सेन्सरवरचे फोकस मोजणारे फेज पॉइंट बहुधा उभ्या रेषाच नीट वाचतात. आडव्या तारेवर फोकस मागेपुढे हेलकावत राहिला तर कॅमेरा १०-१५ अंश तिरका करा, लगेच पकडतो.

व्ह्यूफाइंडरचं म्हणाल तर सर्वाधिक वेगाला तो बहुतेकदा नुकताच काढलेला फोटो दाखवतो, चालू दृश्य नव्हे. वळणाऱ्या पक्ष्यामागे जाताना तिथेच चूक होते. वेग एक पायरी खाली आणला की फ्रेमांच्या मध्ये चालू दृश्य दिसतं. फक्त पक्षीच असते तर मी डी५०० म्हटलं असतं.

विंगेतून

रंगमंचाबद्दल. दाणे बॉडी बदलून जाणार नाहीत. डी५०० आणि झेड५० टू दोन्ही २०.९ मेगापिक्सल डीएक्स. आयएसओ ६४०० ला तुमच्या डी५३०० पेक्षा फरक पडेल, पण जेमतेम. खरा फरक अपर्चरचा. तुमची ७०-३०० लांब टोकाला एफ ५.६ आहे. ८५ एमएम एफ १.८ जी घेतलीत तर तीन स्टॉपहून अधिक (दर स्टॉपला दुप्पट) उजेड मिळतो, म्हणजे तोच प्रसंग तेवढ्याच शटरला आयएसओ ६४० च्या आसपास येतो. ही लेन्स डी५३००, डी५०० आणि एफटीझेड तिन्हींवर ऑटोफोकस होते. मी आधी ती घेईन आणि बॉडीला वेळ देईन.

आवाजाला उत्तर मात्र मिररलेसच. सायलेंट मोडमध्ये शटरचा पडदा हलतच नाही. त्याची किंमत अशी की सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि पूर्ण फ्रेम वाचायला साध्या सेन्सरला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात नर्तकीचा हात फिरला तर तो वाकडा येतो. एलईडी दिवे मंद केले की ते फार वेगाने उघडझाप करतात, त्याचे आडवे पट्टे फोटोत उमटतात. चेहऱ्यावर एक पट्टा जांभळा, एक काळा. म्हणून रंगमंचाचा पडदा उघडताच एक चाचणी फ्रेम घ्या, मोठी करून पार्श्वपडद्याचा सपाट भाग बघा. पट्टे दिसले तर शटर १/१२५ किंवा १/१०० वर आणा. तरीही राहिले तर मेकॅनिकल शटर लावा, आणि ते संगीत वर असेल तेव्हाच वापरा.

झेड५० टू मध्ये बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, यावरून लोक नाक मुरडतात. माणसं हलत असताना तुम्हाला १/१०० च्या खाली जायचंच नाहीये, त्यामुळे या कामात त्याची उणीव भासत नाही.

प्रेक्षागृहात बसण्याआधी तीन गोष्टी बंद करा: फोकसला मदत करणारा पुढचा दिवा, फोटो काढल्यावर मागे दिसणारं चित्र, आणि मागचा स्क्रीनच. फक्त व्ह्यूफाइंडर चालू ठेवा. मागच्या रांगेतल्या माणसासाठी तो उजेड खटक्यापेक्षा जास्त त्रासाचा असतो.

पाणथळ

८५ चं पटलं. मग ३५ ला फोकस कानावर जातो तो दोष लेन्सचा की बॉडीचा? आणि डी५०० घेतल्यास तिथेही तेच होईल का?

तिपाई

तपासता येतं, अर्धा तास पुरे.

कॅमेरा ट्रायपॉडवर, दीड मीटरवर छापील मजकुराचा कागद सेन्सरला समांतर भिंतीवर लावा. त्याला खेटून एक पट्टी ४५ अंशात तिरकी ठेवा, पट्टीचा एक आकडा कागदाच्या रेषेत आणा. फोकस कागदावर घ्यायचा, पट्टीवर घेऊ नका. पॉइंटचा प्रत्यक्ष भाग व्ह्यूफाइंडरमधल्या चौकोनापेक्षा मोठा असतो आणि तिरक्या पट्टीवर तो कुठेही पकडतो. एफ १.८, मधला पॉइंट, सिंगल फोकस, दोन सेकंदांचा टायमर. पाच फ्रेम रिंग अनंताला नेऊन, पाच अगदी जवळ आणून, दर वेळी नव्याने फोकस करून. मग लाइव्ह व्ह्यू लावून तीन.

लाइव्ह व्ह्यूच्या तीन नेमक्या आणि बाकीच्या दहाही सारख्याच अंतराने मागे गेल्या, तर बॉडी आणि लेन्सचं गणित जुळलेलं नाही. आरशाखालचा फोकस सेन्सर वेगळा आणि फोटोचा सेन्सर वेगळा, दोन्ही वाटा तंतोतंत सारख्या नसल्या की असं होतं. डी५३०० मध्ये हे सुधारायची सोय नाही, सर्व्हिस सेंटरला द्यावा लागतो. डी५०० मध्ये एएफ फाइन ट्यून आहे, उणे २० ते अधिक २०; फोकस मागे जात असेल तर उणे करत यायचं. मिररलेसमध्ये मोजणारा आणि फोटो घेणारा सेन्सर एकच, तिथे हा दोष उद्भवत नाही.

दहा फ्रेम विखुरल्या असतील तर कारण उजेड किंवा पद्धत. मधल्या पॉइंटने डोळा धरून मग फ्रेम वळवता का? दीड मीटरवर १५ अंश वळवलं की फोकसचं प्रतल सुमारे ५ सेंटिमीटर मागे सरकतं, कानाच्या दिशेने. कडेचा पॉइंट निवडा किंवा वळवणं कमी करा.

डी५०० बघायला जाल तेव्हा: ताज्या फोटोच्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठणारी माहिती) शटर काउंट असतो, शटर २ लाखांसाठी तपासलेलं आहे. एफ १६ ला कोऱ्या आकाशाचा फोटो घ्या, डाग दिसतात. दोन्ही कार्ड स्लॉटमध्ये कार्ड घालून लांब बर्स्ट (सलग फोटो) मारा. पहिला स्लॉट एक्सक्यूडीचा आहे आणि ती कार्डं मिळेनाशी झाली आहेत. फर्मवेअर अद्ययावत असेल तर सीएफएक्सप्रेस टाइप बी चालतं, आवृत्ती बघून घ्या. ग्रिपचं रबर सुटलंय का, तेही हाताने दाबून बघा.

खंड्या

बॅटरीचं राहिलं. प्रमाणित चाचणीत डी५०० चे १२४० फोटो, झेड५० टू चे अडीचशेच्या आसपास. बर्स्टमध्ये आकडा वाढतो, पण व्ह्यूफाइंडरला डोळा लावून वाट बघण्यातही बॅटरी जातेच, आणि पक्ष्यांत वाट बघणंच जास्त. दोन जादा ठेवा.

आणि मिररलेस घेतलात तर तो उन्हात ठेवताना मागची भिंगाची बाजू सूर्याकडे करू नका. आयपीसचं भिंग ऊन आतल्या पडद्यावर एकवटतं आणि तिथे कायमचा डाग पडतो. गळ्यात असताना व्ह्यूफाइंडर वर आकाशाकडे होतो, तेव्हाही हेच घडतं. लेन्स बदलताना बॉडीचं तोंड खाली धरा. सेन्सरवर धूळ बसलीच तर हाताचा ब्लोअर वापरा; डब्यातली दाबाची हवा मारू नका, तिच्यातला द्रव काचेवर चिकटतो.